वरच्याने खालच्याला पाणी का द्यावं?

या रे, सरकून बसा. आजची गोष्ट लांबची आहे, इंडोनेशियातल्या बाली बेटावरची.

ज्वालामुखींचं बेट ते. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. नदीचं पाणी पाटांतून, डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून खाली उतरत जातं. एका पाटावर शेती भिजवणाऱ्या शेतकऱ्यांचा जो गट, त्याला म्हणतात सुबक. जवळजवळ हजार वर्षांची ही रीत. लावणी कधी, पाण्याची पाळी कोणाची, हे ठरतं पाण्याच्या देवळांत.

आता सांगा, पाणी आधी वरच्याच्या हातात. त्याने ते खालच्याला का सोडावं? देवळातल्या देवीच्या धाकाने म्हणतेस? असेलही थोडं. पण खरी मेख एका किड्यात आहे.

तपकिरी तुडतुडा! भाताच्या दाण्याहून लहान, पण रोपाचा रस शोषून अख्खं शेत करपवतो. भात नसेल तर मात्र उपाशी. मोठ्या टापूतली सगळी पिकं एकदम कापून खाचरांत पाणी भरून ठेवलं, की त्याला ना खायला उरतं, ना लपायला. हे एकट्याचं काम नव्हे हं. तुझं शेत रिकामं आणि शेजाऱ्याचं हिरवं असेल, तर कीड तिकडे पोसते आणि तुझी लावणी झाली की परत येते. म्हणून खालच्याने आपल्याच सोबत लावावं, आपल्याच सोबत कापावं, हे वरच्याच्या हिताचं. त्यासाठी खालच्याला वेळेवर पाणी मिळायला हवं. बरं, सगळ्यांनीच एका दिवशी लावणी केली तर पाणी पुरायचं नाही. टापू लहान धरला तर कीड, फार मोठा धरला तर टंचाई. हा मधला मेळ देवळांनी साधला होता.

1970 च्या दशकात सरकार म्हणालं, नवं बियाणं घ्या, रासायनिक खत घाला, जमेल तितक्या वेळा पीक काढा. प्रत्येकाचा हिशेब सरळ होता, जास्त पिकं म्हणजे जास्त पैसा. भाताला बाजारात भाव असतो; सगळ्यांबरोबर शेत रिकामं ठेवण्याला कोण भाव देणार? पाळ्या मोडल्या. पाणी अपुरं पडू लागलं, कीड माजली. तुडतुड्याला दाद न देणारं वाण आणलं, तर त्यावर टुंग्रो हा विषाणूरोग पडला. फवारण्या वाढत गेल्या.

तेव्हा स्टीफन लान्सिंग नावाचे मानववंशशास्त्रज्ञ आणि जेम्स क्रेमर हे परिसरशास्त्रज्ञ यांनी दोन नद्यांवरचे 172 सुबक संगणकात मांडले. प्रत्येकाला मनाला येईल ते पीकवेळापत्रक दिलं. नियम एवढाच, की दरवर्षी शेजाऱ्यांत ज्याचं पीक सर्वांत चांगलं, त्याची नक्कल करायची. थोड्याच वर्षांत संगणकातल्या सुबकांचे गट जुळले, आणि ते देवळांच्या जाळ्याशी बरेच मिळतेजुळते निघाले! माझ्या मते सरकारी तज्ज्ञांनी बी पाहिलं, खत पाहिलं. देवळाकडे मात्र नुसतं देऊळ म्हणून पाहिलं.

देवळांच्या पाळ्याही पुन्हा सुरू झाल्या. 2012 साली युनेस्कोने सुबकांना जागतिक वारशाचा मान दिला. आता मात्र खाचरांच्या जागी हॉटेलं उभी राहताहेत. पाणी त्यांनाही लागतं, पण हॉटेलवाल्याला तुडतुड्याचं भय नसतं. मग खालच्यासाठी पाणी सोडायला त्याला काही कारणच उरत नाही.