कर्णाची कुंडलं आणि कर्णाची सावली

कोलशेतच्या आमच्या होस्टेलवर शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ खोल्याखोल्यांतून फिरत असतं. कव्हर कधीच गेलंय, पाठीला सेलोटेप आहे, मालक कोण ते कुणालाच ठाऊक नाही. कुणाचं वाचून झालं की मेसमध्ये वाद ठरलेला : कर्ण चांगला की वाईट? आणि त्याच्या बाजूचे गडी शेवटी एकाच मुद्द्यावर येतात. “अरे, तो सूर्यपुत्र होता!”

मित्रांनो, सूर्यपुत्र असणं हा चांगुलपणाचा पुरावा कसा काय झाला?

आपल्या भाषेतच ही सवय मुरलेली आहे. चांगल्या मुलाच्या चेहऱ्यावर तेज असतं, तो घराण्याचा दिवा असतो. वाईट वागला की तोंड काळं करतो. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असतेच. लेखकाला मग वेगळं काही सांगावंच लागत नाही, पात्रावर उजेड पाडला की काम झालं. 1967 साली आलेल्या ‘मृत्युंजय’मध्ये सावंतांनी हा उजेड भरभरून वापरला आहे. गंगेच्या पाण्यात उभं राहून सूर्याकडे पाहणारा कर्ण, ती झळकणारी कुंडलं! त्यात कादंबरीच्या नऊ भागांपैकी चार भाग कर्ण स्वतःच सांगतो. म्हणजे बॅटरीही त्याच्याच हातात.

मूळ महाभारतात मात्र हा उजेड जरा निराळं काम करतो. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा इंद्र आकाशात ढग जमवतो आणि सूर्य आपल्या मुलावरचे ढग हटवतो. अर्जुन ढगांच्या छायेत, कर्ण उन्हात. इथे ऊन कर्णाला चांगला म्हणत नाही. कोणाचा बाप कोण, एवढंच दाखवतं. गंमत म्हणजे त्या अख्ख्या मैदानात ते कळतं फक्त कुंतीला, आणि ती बेशुद्ध पडते. पुढे सूर्य मावळतो. दुर्योधन कर्णाचा हात धरून त्याला मशालींच्या उजेडात बाहेर नेतो. बापाचा उजेड संपला, मित्राचा सुरू झाला. माझ्या मते कर्णाची सगळी गोष्ट या एका बदलात आहे.

कारण पुढे द्यूतसभेत हाच कर्ण द्रौपदीला नको ते बोलतो, आणि तिची वस्त्रं काढायला दुःशासनाला सांगतो. तेव्हा कवच-कुंडलं त्याच्या अंगावरच होती, बरं का! म्हणजे जन्माचं तेज तसंच, आणि माणूस असा वागतोय. नंतर तो कृष्णाजवळ कबूल करतो, की दुर्योधनाला खूश करायला पांडवांना कडू बोललो, त्याचा मला ताप होतो. मेसमधल्या वादात हा प्रसंग काढला की सूर्यपुत्रवाले भात वाढून घ्यायला उठतात.

मग कर्ण चांगला नाहीच का? आहे, पण चमकतो तेव्हा नव्हे. इंद्र ब्राह्मण बनून येणार हे सूर्य त्याला स्वप्नात आधीच सांगतो, देऊ नकोस म्हणतो. तरी कर्ण ते तेज स्वतःच्या हाताने अंगावरून कापून देतो. अगदी फुकट नाही, सूर्याच्याच सल्ल्याने बदल्यात शक्ती मागून घेतो. ती शक्तीही शेवटी खर्च होते घटोत्कचावर, आणि तीही रात्रीच्या लढाईत.

दुसरा प्रसंग मला त्याहून मोठा वाटतो, आणि त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. युद्धाआधी कुंती त्याला भेटायला गंगेवर जाते. कर्ण हात वर करून पूर्वेकडे तोंड केलेला, पाठ तापेपर्यंत त्याचा जप चालायचा. कुंतीला ऊन सोसवेना, म्हणून ती त्याच्या मागे, त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत उभी राहते. ज्या मुलाला तिने पाण्यात सोडलं, त्याचीच सावली. त्याला अजून पत्ताही नाही. जप संपल्यावर तो वळतो, हात जोडतो, आणि स्वतःची ओळख काय सांगतो? सूर्यपुत्र नव्हे. राधेचा आणि अधिरथाचा मुलगा.