मोकळ्या कोंबड्या आणि अंड्यांचा हिशेब

मुंबई, खास प्रतिनिधी : आरे दुग्ध वसाहतीतील आदिवासी पाड्यांत आणि उपनगरांतील काही जुन्या गावठाणांत घरामागे चार-सहा कोंबड्या चरताना आजही दिसतात. गावठी अंड्याला बाजारात दर चांगला मिळत असल्याने अनेकांना या कोंबड्यांचा मोह पडतो. मात्र अंड्यांचा हिशेब वाटतो तितका सरळ नाही.

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडीच देते. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक बसते. उबवणीचे २१ दिवस आणि पिलांच्या सांभाळाचे पुढचे काही आठवडे अंडी बंद. पिले नको असतील तर अंडी रोज उचलावीत आणि खुडूक कोंबडीला काही दिवस हवेशीर, गवत नसलेल्या पिंजऱ्यात ठेवावे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी विकसित केलेल्या ‘ग्रामप्रिया’सारख्या जाती याच्या दुपटीहून अधिक अंडी देतात. परंतु त्या सहसा खुडूक बसत नाहीत आणि त्यांच्या पिलांत ते गुण पुरते उतरत नाहीत. म्हणून पिले दर खेपेस नव्याने आणावी लागतात. त्यापेक्षा अंड्यांसाठी सुधारित तलंगा आणि उबवणीला एखादी गावठी कोंबडी, हा मेळ अधिक शहाणपणाचा. केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आरेमध्येच आहे, हे उपनगरवासीयांना क्वचितच ठाऊक असते.

नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. शेजाऱ्यांची पहाटेची झोप त्यामुळे वाचते! शहरातल्या परसात किडे आणि पाला बेताचाच, म्हणून धान्याबरोबर प्रथिनयुक्त खाद्य द्यावे. प्रत्येक अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. शिंपल्यांचा चुरा न दिल्यास कवच पातळ होते. पावसाळ्यात खुराड्यातील भुसा ओला राहिला की रक्ती हगवण बळावते.

खुराड्याचा खरा कस रात्री लागतो. मांजर, मुंगूस यांना बारीक भोकांची मजबूत जाळी अडवते. राष्ट्रीय उद्यानालगत मात्र बिबट्याचा विचार करावाच लागतो. आरेत २०२१ आणि २०२२ मध्ये बिबट्याने माणसांवर हल्ले केले होते. उघड्यावर झोपणाऱ्या कोंबड्या त्याला वस्तीकडे ओढतात, त्यामुळे अंधार पडण्यापूर्वी त्या पक्क्या छपराखाली बंद व्हायलाच हव्यात.

राणीखेत, म्हणजेच मानमोडी, सारे खुराडे काही दिवसांत रिकामे करते. पहिली लस पिलू आठवड्याचे होईतोच द्यावी. देशात बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाली होती. एकाएकी अनेक कोंबड्या दगावल्या तर त्यांना हात न लावता आणि कचराकुंडीत न टाकता पशुसंवर्धन विभागाला तत्काळ कळवावे.