परावटू ग्रंथी कधी काढावी लागते?

आमच्या धायरीत कोणाला मुतखडा झाला की लोक बोअरच्या जड पाण्याला दोष देतात. पण ज्यांना तो पुन्हा पुन्हा होतो, त्यांच्यापैकी काहींचा खरा दोषी मानेत दडलेला असतो. तेथे अवटू ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या अशा चार परावटू ग्रंथी असतात. (रिचर्ड ओवेन यांना त्या प्रथम आढळल्या, त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात!)

गीझरमधला थर्मोस्टॅट तुम्हांला ठाऊक आहेच. पाणी तापले की तो वीज तोडतो, निवले की जोडतो. रक्तातले कॅल्शियम घटले की या ग्रंथी संप्रेरक सोडून हाडांतले कॅल्शियम रक्तात आणवतात. वाढले की थांबतात. त्यामुळे १०० मिलिलिटर रक्तात ते साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम राहते. एखाद्या ग्रंथीत गाठ झाली, म्हणजे थर्मोस्टॅट चिकटला! ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते, पण हाडे झिजतात आणि मुतखडे होतात.

असा त्रास दिसू लागला, तर गाठ काढणेच योग्य. अमेरिकेत बहुतेक रुग्ण नेहमीच्या रक्ततपासणीतच सापडतात. आपल्याकडे अजून पुष्कळांचे निदान हाड मोडल्यावर होते. त्रासच नसेल तर? कॅल्शियम कमाल मर्यादेच्या १ मिलिग्रॅमहून अधिक वर गेले असेल, हाडांची घनता फार घटली असेल, मूत्रपिंडांची गाळण्याची गती मिनिटाला ६० मिलिलिटरखाली असेल किंवा वय पन्नाशीच्या आत असेल, तर शस्त्रक्रिया सुचवतात. वयाची अट का? तरुण हाडांना पुढे पुष्कळ वर्षे झीज सोसायची असते म्हणून. यांतले काहीच नसेल, तर नियमित तपासण्या करीत थांबता येते. मात्र एका आनुवंशिक विकारातही रक्तात असेच आकडे दिसतात आणि त्यात शस्त्रक्रिया व्यर्थ जाते. म्हणून आधी लघवीतले कॅल्शियम मोजतात.

गाठ शोधणे सोपे नसते. चार्ल्स मार्टेल या अमेरिकन दर्यावर्द्याची उंची सुमारे ७ इंचांनी घटली होती. सहा शस्त्रक्रिया फुकट गेल्या. सातवीत, १९३२ साली, गाठ सापडली ती छातीत! आज किरणोत्सर्गी टेक्नेशियम टोचून गॅमा किरणांनी तिचा ठाव घेतात.

या संप्रेरकाचे रक्तातले अर्धायुष्य सुमारे ४ मिनिटे आहे. गाठ काढल्यावर १० मिनिटांनी ते किती उरेल? गणिताने सुमारे १८ टक्के. उरलेल्या ग्रंथींतूनही थोडे येत असल्याने शल्यवैद्य ते निम्म्याहून अधिक घटले की टाके घालतात. घटले नाही, तर दुसरी गाठ शोधू लागतात.