नवा पडदा घ्यावा कीं न घ्यावा?

एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांच्या वांट्यास जीं कामें येतात, त्यांत 'नाहीं' म्हणण्याचें काम सर्वांत सोपें आणि सर्वांत धोक्याचें होय. सोपें अशासाठीं कीं, त्याला विचार करावा लागत नाहीं. आणि धोक्याचें अशासाठीं कीं, ज्याला तें ऐकावें लागतें तो पुढच्या खेपेस विचारावयासच येत नाहीं. गेल्या कार्तिकांत हा प्रसंग मजवर आला. त्यांतून मी कसा सुटलों, हें सांगण्याकरितां हा लेखनप्रपंच आहे.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा पंचवीस वर्षांचा असून एका संगणक-कंपनींत नोकरीस आहे. आठवड्यांतून तीन दिवस तो घरींच बसून कचेरीचें काम करतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्रीं देवळांतून परत आल्यावर तो मजजवळ येऊन बसला व थोडा घुटमळून म्हणाला, "काका, एक विचारायचं होतं. मला नवा मॉनिटर घ्यावासा वाटतो. पैसे माझेच आहेत. पण तुम्हांला विचारल्याशिवाय घेणं बरं वाटत नाहीं."

मीं किंमत विचारली. ती ८५,००० रुपये निघाली. सध्यांचा मॉनिटर बिघडला आहे काय, असें विचारतां तो उत्तम चालतो असें कळलें. मग नवा कशासाठीं? तर मुख्यत्वें संगणकावरील खेळांसाठीं! आमच्या कुटुंबाचे वाती वळणारे हात थांबले. 'खेळ' आणि 'पंचाऐंशी हजार' हे शब्द आमच्या घरांत आजवर एका वाक्यांत आलेले नव्हते.

'नाहीं' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. परंतु त्याच क्षणीं एक जुनी गोष्ट आठवली. १९८४ सालीं मी नुकताच मास्तर झालों होतों. पहिल्या पगारांतून मीं वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश विकत आणला. वडिलांनीं तो पाहिला आणि एवढेंच म्हटलें, "घरांत लहान कोश आहे ना? मग ही चैन कशाला?" दुसऱ्या दिवशीं मीं कोश दुकानदारास परत केला. वडिलांचें चुकलें असें मला आजहि म्हणवत नाहीं. त्या पगाराकडे सात माणसें डोळे लावून होतीं. परंतु त्यांनीं कोश उघडून पाहिला नाहीं, एवढें मात्र मनांत राहिलें. पुढें पंधरा वर्षांनीं तो कोश मीं पुन्हां घेतला. पण मधल्या काळांत माझ्या मनांतील कोणतीहि इच्छा मीं वडिलांपुढें ठेवली नाहीं.

म्हणून पुतण्यास म्हटलें, "अरे, आधीं ती वस्तु काय आहे तें मला समजावून दे. मग बोलूं."

वस्तु काय आहे?

दुसऱ्या दिवसापासून गुरु-शिष्यांची अदलाबदल झाली. पुतण्या शिकवूं लागला आणि मी वही घेऊन बसलों. जें उमगलें तें वाचकांसाठीं थोडक्यांत देतों.

आज बहुतेक घरांतून जो सपाट पडदा दिसतो, तो द्रव-स्फटिकांचा, म्हणजे एलसीडी जातीचा असतो. द्रव-स्फटिकांची ही अवस्था १८८८ सालीं प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख राइनित्झर यांच्या ध्यानांत आली. कोलेस्टेरॉलचें एक संयुग तापवीत असतां तें दोनदां वितळल्यासारखें त्यांस दिसलें; प्रथम गढूळ द्रव, आणि आणखी तापविल्यावर स्वच्छ द्रव. या मधल्या अवस्थेंतील रेणू विजेच्या योगानें हवे तसे वळवितां येतात, हें पुढें कळलें. एलसीडी पडद्यांत पाठीमागें दिवा सतत जळत असतो आणि पुढें या स्फटिकांच्या झडपा उघडझांप करतात. काळा रंग दाखवितांना झडपा मिटतात खऱ्या, परंतु पुरत्या मिटत नाहींत. थोडा उजेड पाझरतोच. त्यामुळें रात्रीचें दृश्य कोरड्या डस्टरनें पुसलेल्या फळ्यासारखें करडें दिसतें. ज्यानें उभा जन्म फळ्यापुढें घालविला, त्याला ही उपमा निराळी समजावून द्यावी लागत नाहीं.

ओलेड जातीच्या पडद्याचें तत्त्वच वेगळें. १९८७ सालीं अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनीचे चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघां शास्त्रज्ञांनीं कार्बनी संयुगांच्या अतिशय पातळ थरांतून अल्प दाबाच्या विजेनें उजेड पाडून दाखविला. त्या शोधावर हे पडदे उभे आहेत. यांत पाठीमागें दिवा नसतोच. प्रत्येक चित्रबिंदु, ज्यास पिक्सेल म्हणतात, तो स्वतः उजळतो. देवळापुढील दीपमाळ डोळ्यांपुढें आणावी. जेथें उजेड हवा तेथील पणती लागते, आणि जेथें काळोख हवा तेथील पणती मुळीं लागतच नाहीं. पुतण्याच्या मनांत असलेल्या पडद्यांत आडवे ३,४४० व उभे १,४४० बिंदु असतात. म्हणजे ही ४९,५३,६०० पणत्यांची दीपमाळ झाली!

दुसरा गुण चपळाईचा. स्फटिकांच्या झडपांना वळावयास कांहीं मिलिसेकंद लागतात, त्यामुळें वेगानें धांवणाऱ्या वस्तूमागें पुसटसें शेपूट राहतें. ओलेडचा बिंदु जवळजवळ तत्क्षणीं पेटतो व विझतो. विक्रेत्यांच्या पत्रकांतून ०.०३ मिलिसेकंद असा आंकडा छापलेला असतो. सेकंदास १७५ चित्रें दाखविणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्राच्या वांट्यास सहा मिलिसेकंदांहूनहि कमी वेळ येतो. तेव्हां ही चपळाई खेळणाऱ्यास कां हवीशी वाटते, हें सहज समजतें.

तिसरा गुण रुंदीचा. चौतीस इंची रुंद पडद्याची उंची साध्या सत्तावीस इंची पडद्याएवढीच, सुमारें १३ इंच असते. रुंदी मात्र साडेतेवीस इंचांवरून ३१ इंचांवर जाते. १९५९ सालचा 'कागज के फूल' हा आपल्याकडील पहिला सिनेमास्कोप चित्रपट ज्या तऱ्हेच्या रुंद पडद्यासाठीं काढला गेला, तेंच हें प्रमाण जवळजवळ म्हणावें. तथापि प्रत्येक खेळ ही रुंदी भरून काढतोच असें नाहीं. २०२२ सालीं निघालेला 'एल्डन रिंग' हा गाजलेला खेळ बाजारांत आला तेव्हां साध्या प्रमाणांतच चाले; रुंद पडद्यावर त्याच्या दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या उरत.

एका संध्याकाळीं आम्ही दोघे दुकानांत जाऊन तो पडदा पाहून आलों. दुकानदारानें दिवे मालवून नक्षत्रांनीं भरलेलें आकाश दाखविलें. खरें सांगावयाचें तर मी क्षणभर अवाक् झालों. पडद्याची कड कोठें संपते आणि खोलींतील काळोख कोठें सुरू होतो, तें कळेना. लहानपणीं अमावास्येस गच्चीवर झोपत असूं, त्या आकाशाची आठवण झाली. मुलगा उगाच हट्ट करीत नाहीं, एवढें त्या दुकानांत मला पटलें.

तेल आणि वात

परंतु जी पणती जळते तिचें तेलहि सरतें. ओलेडमधील संयुगें वापरानें झिजतात, आणि त्यांत निळा उजेड देणारीं सर्वांत आधीं थकतात. पडद्याचा एखादा भाग रोज तासन्‌तास तेंच चित्र दाखवीत राहिला, तर तेथील बिंदु शेजाऱ्यांपेक्षां लौकर मंदावतात आणि त्या चित्राचा पुसट ठसा कायमचा उमटतो. यास 'बर्न-इन' म्हणतात. संगणकाच्या तळाशीं असणारी टास्कबारची पट्टी, कामाच्या खिडक्यांच्या कडा, खेळांतील कोपऱ्यांतला नकाशा, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें. कारखानदारांनीं यावर उपाय योजिले आहेत. चित्र नकळत किंचित् सरकविलें जातें, आणि कांहीं तासांच्या वापरानंतर पडदा स्वतःची डागडुजी करून घेतो. २०२२ सालीं एलियनवेअरनें सॅमसंगच्या पटलाचा जो चौतीस इंची मॉनिटर काढला, त्याबरोबर बर्न-इनसाठींहि तीन वर्षांची हमी दिली होती. हमी तीन वर्षांची आणि वापरावयाचा विचार सात-आठ वर्षांचा, हें अंतर मात्र ग्राहकानें ध्यानांत धरावें.

आणखी दोन गोष्टी. या जातीच्या पटलांत लाल, हिरव्या व निळ्या ठिपक्यांची मांडणी नेहमींच्या सरळ ओळींत नसून त्रिकोणी असते. त्यामुळें बारीक अक्षरांच्या कडेस रंगाची झांक दिसूं शकते. आणि खोलींत भरपूर उजेड असेल, तर त्यांचा तो अप्रतिम काळा रंग करडा-जांभळा दिसूं लागतो. म्हणजे ज्या गुणासाठीं पैसे मोजावयाचे, तो दिवसा खिडकीजवळ नाहींसा होतो!

पंधरा दिवसांची वही

येथवर वस्तूचा विचार झाला. घेणाऱ्याचा व्हावयाचा होता. मीं पुतण्यास सांगितलें, "पंधरा दिवस एक वही ठेव. पडद्यापुढें कोणत्या कामासाठीं किती वेळ बसलास, तें रोज लिही. खोटें लिहूं नकोस. मला दाखविलेंच पाहिजे असेंहि नाहीं."

त्यानें वही दाखविली. एकूण ९२ तास. त्यांपैकीं कचेरीचें काम ६२ तास, खेळ २१ तास आणि चित्रपट वगैरे ९ तास. खेळाचे २१ तास पाहून माझ्या कपाळास आठी पडली नाहीं असें नाहीं. पण रोजचा दीड तास तर आम्ही त्याच्या वयांत कट्ट्यावर घालवीतच होतों. खरा अर्थ दुसऱ्या आंकड्यांत होता. दोन-तृतीयांश वेळ हा न हलणाऱ्या अक्षरांचा, तळाशीं त्याच पट्टीचा, आणि तोहि पूर्वेच्या खिडकीशेजारीं दिवसाउजेडीं जाणारा. शिवाय नव्या पडद्यास सध्यांपेक्षां ३४ टक्के अधिक बिंदु पुरवावे लागणार. तेवढें बळ त्याच्या जुन्या ग्राफिक्स कार्डांत नव्हतें. म्हणजे पंचाऐंशी हजारांच्या पाठोपाठ दुसरा खर्च दारांत उभाच होता.

मी कांहीं बोलण्यापूर्वींच तो म्हणाला, "काका, हा पडदा रात्रीचा आहे; माझं बसणं दिवसाचं जास्त आहे. आज घेतला, तर खेळासाठीं घेतलेली वस्तु कामानं झिजेल. जुना चालतोय तोंवर थांबतों. पुढं कामाला जुना आणि खेळाला नवा, असे दोन ठेवायला जागा झाली कीं बघूं." थांबण्यांत तोटाहि नव्हता. ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तो लाभ मागील वर्षीं घाई करणाऱ्यांस मिळाला नव्हता.

वाचकहो, यावरून ओलेड पडदा घेऊं नये, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. ज्याचें कचेरीचें काम कचेरींतच होतें, जो घरीं रात्रीं दिवे मंद करून खेळतो वा चित्रपट पाहतो, ज्याचा संगणक समर्थ आहे आणि ज्यानें हमीचा कागद नीट वाचला आहे, त्यानें तो अवश्य घ्यावा. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. कठोपनिषदांत श्रेय आणि प्रेय असा भेद केलेला आहे. काम तेवढें श्रेय आणि खेळ तेवढा प्रेय, अशी त्याची सोपी वांटणी आम्ही मास्तर मंडळी वर्गांत करीत आलों. परंतु शहाण्यानें दोन्ही पारखून मग निवड करावी असें तेथें सांगितलें आहे, आणि पारखण्याचें काम वस्तु उघडून पाहिल्यावांचून होत नाहीं.

मागच्या आठवड्यांत रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर पुतण्या पुन्हां मजजवळ येऊन बसला. "काका, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. या वेळचा प्रश्न पडद्याहून पुष्कळ मोठा होता आणि तो येथें सांगण्याचा नव्हे. तो विचारावयास आला, यांतच मला सर्व कांहीं मिळालें.