तेलाला वारा घालताना

मोटारीच्या इंजिनातील तेल हे केवळ वंगण होय, ही जी सर्वसाधारण समजूत आहे, ती रस्त्यावरून संसारी गतीने चालणाऱ्या गाडीपुरती खपून जाते. परंतु तीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर नेऊन वीस-वीस मिनिटे सलग पिटाळली, की पिस्टनच्या तळाशी आणि बेअरिंगांच्या फटींत, म्हणजे जिथे रेडिएटरच्या पाण्याचा हात पोहोचत नाही अशा ठिकाणी, शिरून उष्णता गोळा करणारे ते तेल स्वतःच तापून पातळ होऊ लागते, आणि ज्या पडद्यावर इंजिनाचे प्राण अवलंबून तो पडदाच झिरझिरीत होतो. ९० ते ११० अंश सेल्सिअस ही तेलाची सुखाची मर्यादा. काटा १३० च्या पुढे सरकू लागला, की जाणत्या चालकाने वेग आवरावा हे बरे. यावरचा उपाय म्हणजे ऑइल कूलर: ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या आणि त्यांच्यामधले पातळ पत्र्याचे पापुद्रे यांची एक चौकोनी जाळी, आकाराने एखाद्या जाडजूड पोथीएवढी. ती विकत आणण्यास पैसे पुरतात. बसवावी कुठे हे ठरविण्यास विचार लागतो.

साहजिकच पहिले बोट गाडीच्या नाकाकडे जाते. वारा समोरून येतो, सबब कूलरही समोरच असावा, हा युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण त्या जागेची वहिवाट फार पूर्वीच ठरलेली असते. पाण्याचा रेडिएटर हे तिथले जुने कूळ, त्याच्या पुढ्यात एसीचा कंडेन्सर, आणि टर्बो असेल तर इंटरकूलरचाही हक्क लागू. या गर्दीत नव्या कूलरला रेडिएटरच्या पुढे उभे केले, तर तेलाने तापविलेली हवा पाण्याच्या वाट्याला येते, आणि तेलाचा काटा उतरत असता पाण्याचा चढू लागतो. रेडिएटर ऐसपैस असेल तर ही तडजोड पुष्कळदा निभते. केवळ शर्यतीसाठी राखलेल्या गाडीतून एसी काढून टाकलेला असतो, तेव्हा त्याची मोकळी झालेली जागा तर आयतीच चालून आलेली. पण निभणे वेगळे आणि भागणे वेगळे.

या साऱ्या प्रकरणात माणसे हवा आत कुठून येईल याचीच चिंता वाहतात. ती बाहेर कुठून जाईल हे विचारणारा विरळा. ज्या खोलीला एकच खिडकी आहे, त्या खोलीत बाहेर सोसाट्याचा वारा सुटला तरी आत पान हलत नाही, हे आपल्याला घरात कळते आणि गॅरेजात विसरते. कूलरची दाट जाळी हा हवेच्या वाटेतला अडथळा आहे. जाळीच्या पुढे दाब अधिक आणि मागे कमी असेल तरच हवा तिच्यातून जाण्याचे कष्ट घेते, आणि कडेला बोटभर फट मिळाली तर त्या फटीतून निसटून जाते. म्हणून पुढचे तोंड जाळीच्या आकाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढे लहान ठेवून, तिथपासून जाळीपर्यंत हळूहळू रुंदावत जाणारी बंद वाट करावी, म्हणजे हवेचा वेग मंदावतो, दाब वाढतो आणि ती सर्व जाळीभर पसरते. १९३० च्या दशकात फार्नबरो येथे एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी विमानांच्या रेडिएटरांसाठी असाच हिशेब मांडला होता, आणि स्पिटफायरच्या पंखांखालच्या रेडिएटरांचे बंदिस्त मार्ग त्यालाच अनुसरून होते.

मोटारींपुरते बोलायचे तर या प्रश्नाचे सर्वांत रंजक दप्तर पोर्शे ९११ चे आहे. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडलेल्या या गाडीचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि तेही हवेवर थंड होणारे. त्यामुळे १९९८ मध्ये तो वातशीत वंश संपेपर्यंत पाण्याचे बरेचसे काम तेलालाच करावे लागले. इंजिनाची शक्ती वाढू लागली तसा त्यावरचा मूळ कूलर अपुरा पडला, आणि १९६९ च्या ९११ एस मध्ये दुसरा कूलर थेट पुढच्या उजव्या मडगार्डात नेऊन बसविण्यात आला; म्हणजे तेलाने मागून निघावे, दाराच्या उंबऱ्याखालच्या नळ्यांतून गाडी ओलांडावी, पुढे वारा खावा आणि पुन्हा माघारी यावे. (या नळ्या अजाण मिस्त्रीच्या जॅकखाली चेपल्या जातात, ही त्या गाडीच्या मालकांची जुनी तक्रार.) पुढे काही वर्षे त्या मडगार्डात जाळीऐवजी नुसती वळविलेली नळी असे, जिला वाद्याच्या आकारावरून ट्रॉम्बोन हे नाव पडले. परंतु मडगार्डाचा कोपरा तो कोपराच. तिथे वारा बेताचा. म्हणून १९७३ मध्ये डेटोनाची २४ तासांची शर्यत आणि टार्गा फ्लोरिओ जिंकणाऱ्या कॅरेरा आरएसआरमध्ये कूलर नाकाच्या ऐन मध्यभागी आला. तिथे कज्जा उद्भवलाच नाही, कारण ज्याचा हक्क लागावा तो पाण्याचा रेडिएटर या गाडीत मुळी नव्हताच.

ज्यांच्या नाकात जागा नाही त्यांना चाकापुढची पोकळी उरते, आणि ती वाईट नाही. फिरत्या चाकाच्या मागे-पुढे दाब बहुधा कमी असल्याने हवेला बाहेर पडण्यास ती बरी. मात्र स्टिअरिंग पुरते वळवून आणि स्प्रिंग पुरती दाबून चाक कुठवर येते ते आधी पाहावे, खडीपासून रक्षणासाठी जाळी लावावी, कूलर रबरावर टांगावा आणि नळ्यांची तोंडे शक्यतो वर ठेवावी, नाहीतर आत हवा कोंडून राहते. होस कुठेही घासता कामा नये, हे तर शपथेवर सांगण्यासारखे. चार-पाच बार दाबाचे तेल टायरवर उडाले तर काय होते ते पुढच्याच वळणावर कळते.

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एका मित्राने आपल्या जुन्या सेडानच्या डाव्या मडगार्डात असा कूलर बसविला होता. बंपरला नीटस तोंड, आतून पत्र्याची वाट, सगळे सफाईदार. तरी चौथ्या फेरीला काटा १३० ओलांडून जाई. आम्ही मोठा कूलर मागविण्याच्या गोष्टी बोलत होतो. मिस्त्री मात्र गुडघे टेकून जाळीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "साहेब, खालच्या अर्ध्यात बघा केवढे किडे चिकटलेत. वर एक तरी दिसतोय का?" वरच्या अर्ध्या जाळीमागे मडगार्डाचे प्लॅस्टिकचे अस्तर अखंड होते, तिथे हवा शिरतच नव्हती. दुपारी त्याने अस्तराला सहा उभ्या खाचा पाडून त्यांच्या कडा चाकाकडे वळविल्या आणि पत्र्याच्या वाटेच्या कडांना फोम चिकटविला. संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा आम्ही सारे काट्याचा आकडा विचारण्यास धावलो. तो टॉर्च घेऊन खाली वाकला होता आणि जाळीच्या वरच्या कोपऱ्यातले किडे मोजत होता.