संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे?

आपल्या मावळात जमिनीचा व्यवहार निघाला की पहिला प्रश्न असतो, “सातबाऱ्यावर नाव कोणाचे?” शेत कोण कसतो, विहीर कोणी खणली, हे प्रश्न त्यानंतरचे. चिकित्सालयाच्या संकेतस्थळाबाबत मात्र हा पहिला प्रश्न विचारावयास आपण वैद्यमंडळी विसरतो. मीही विसरलो होतो. त्याचा उपद्रव माझ्या एका रुग्णास झाला, म्हणून हा लेखप्रपंच.

सोमाटणे येथील माझ्या चिकित्सालयाचे संकेतस्थळ २०१३ साली एका परिचित व्यावसायिकाकडून करून घेतले. वार्षिक शुल्क मी नियमितपणे देत असे. २०१९ मध्ये त्यांनी तो व्यवसाय बंद केला. डोमेन नाव त्यांच्याच नावे नोंदलेले होते आणि नूतनीकरणाच्या सूचना त्यांच्या जुन्या ई-मेलवर जात होत्या, हे मला तेव्हा समजले. तोवर मुदत संपून ते नाव भलत्याच कोणी घेतले होते. काही महिन्यांनी संधिवाताचे एक वृद्ध रुग्ण हातात डबी घेऊन आले. “डॉक्टर, नातवाने तुमच्या वेबसाइटवरून गोळ्या मागवल्या, पण पोटात आग पडते.” डबीवर ना घटकद्रव्ये, ना उत्पादन परवान्याचा क्रमांक. माझ्या नावावर विश्वासून त्यांनी ते औषध घेतले होते.

येथे निदान नीट समजून घेतले पाहिजे. संकेतस्थळ ही वास्तू, होस्टिंग ही त्या वास्तूसाठी भाड्याने घेतलेली जागा आणि डोमेन नाव हा तिचा पत्ता. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. शिवाय हा पत्ता कायमचा विकत मिळत नाही. तो १ ते १० वर्षांच्या मुदतीने नोंदवावा लागतो व मुदतीपूर्वी नूतनीकरण करावे लागते. नोंदणी संस्था व्यवहार करते तो नोंदणीकर्ता म्हणून ज्याचे नाव आहे त्याच्याशी. पैसे कोणी दिले, दारावर पाटी कोणाची, हे ती पाहत नाही.

‘डॉट कॉम’ नावाची मुदत संपल्यावर बहुतेक नोंदणी संस्था काही दिवसांची सवलत देतात. नाव वगळले गेल्यावरही ३० दिवस जादा शुल्क भरून ते परत मिळविता येते. त्यानंतर सुमारे ५ दिवसांत ते सर्वांना खुले होते. परंतु परत मिळविण्याचा हा अधिकारही मूळ नोंदणीकर्त्याचाच असतो.

कायदा याबाबत मुका नाही. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर ‘रेडिफ’ विरुद्ध ‘रॅडिफ’ हा वाद आला. आपले नाव रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर व फ्री या शब्दांतील अक्षरे घेऊन बनविले, असा प्रतिवादींचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. डोमेन नाव हा केवळ इंटरनेटवरील पत्ता नसून त्यास व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळावयास हवे, असा निर्वाळा दिला. २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’च्या ‘सिफी’ या नावासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही डोमेन नावास व्यापारचिन्हाची तत्त्वे लागू होतात, असे ठरविले. ‘डॉट इन’ नावांच्या तंट्यांसाठी नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाची लवादपद्धती आहे. तेथे नावावरील आपला पूर्वहक्क, प्रतिपक्षाकडे न्याय्य हक्क नसणे आणि त्याचा दुष्ट हेतू या गोष्टी दाखवाव्या लागतात.

तथापि ‘रेडिफ’ व ‘सिफी’ ही स्वतः घडविलेली, लौकिक असलेली नावे होती. माझे नाव ‘आयुर्वेद’ या शब्दास गावाचे नाव जोडून केलेले. त्यावर माझा एकट्याचा हक्क कसा सिद्ध करणार? अखेर मी नवे नाव घेतले, केसपेपर पुन्हा छापले आणि जुन्या रुग्णांना एकेक करून कळविले. तात्पर्य, येथेही निदानपरिवर्जन हीच श्रेष्ठ चिकित्सा.

त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत :

१. नोंदणी स्वतःच्या किंवा चिकित्सालयाच्या नावे, स्वतःच्या खात्यातून करावी. संकेतस्थळ तयार करणाऱ्यास केवळ कामापुरता प्रवेश द्यावा आणि पावती आपल्या नावे घ्यावी.

२. नोंदणीतील ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा. नाव बंद पडले की तो ई-मेलही बंद पडतो व सूचना पोहोचतच नाही.

३. नोंदणी अनेक वर्षांसाठी करावी, स्वयंचलित नूतनीकरण सुरू ठेवावे आणि तरीही मुदतीची तारीख दैनंदिनीत लिहावी. पैसे ज्या कार्डातून वळते होतात, त्याचीही मुदत संपते!

४. खात्याला दुहेरी पडताळणी व नावाला हस्तांतरणाचे कुलूप लावावे. स्थलांतराचा सांकेतिक क्रमांक कोणासही फोनवर सांगू नये.

५. नाव वैशिष्ट्यपूर्ण निवडावे व शक्य असल्यास व्यापारचिन्ह नोंदवावे. वैद्यकीय सेवा ४४व्या, तर औषधे ५व्या वर्गात येतात.

६. भागीदारी असल्यास नाव कोणाचे, हे करारात लिहावे. खात्याची माहिती घरातील एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावी. चिकित्सालय पुढील पिढीकडे जाते, तसा हा पत्ताही जावयास हवा.

ज्यांचे नाव आज दुसऱ्याच्या नावे आहे, त्यांनी संबंध चांगले असतानाच लेखी मागणी करून ते आपल्याकडे वळवून घ्यावे. व्याधी पूर्वरूपातच ओळखली तर अल्प उपायाने साध्य होते.

त्या वृद्ध गृहस्थांना पुढे बरे वाटले. परंतु “वेबसाइट तुमचीच होती ना?” या त्यांच्या प्रश्नाला मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. आपल्यापैकी कोणावरही अशी वेळ येऊ नये. आजच आपल्या नोंदणीचा तपशील काढावा आणि तेथे नाव कोणाचे आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.