मोटार धुण्याचा व्यवसाय करावा का?

बेंगळुरू शहराच्या आग्नेय भागात एचएसआर लेआउट नावाची एक मोठी वसाहत आहे. होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेल्या या वसाहतीचे सात सेक्टर आहेत. संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने देशाच्या नाना प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे राहतात; त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. पहाटे साडेपाचच्या सुमारास येथील एखाद्या इमारतीच्या तळघरात गेलात, तर फडके पिळल्याचा आवाज तुमच्या कानी येईल. मालक मंडळी खाली उतरण्यापूर्वी दहाबारा मोटारी पुसून स्वच्छ करणारा माणूस तेथे आपल्या कामात गढलेला असतो. सगळे त्याला ‘अण्णा’ म्हणतात. त्याचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

अशाच एका इमारतीत राहणारे, मूळचे बेळगावकडील एक मराठी कुटुंब आपण डोळ्यांपुढे आणू. मुलगा बावीस वर्षांचा, पदवीधर. नोकरीसाठी अर्ज करीत आहे, परंतु अद्याप कोठूनही बोलावणे आलेले नाही. दर रविवारी तो वडिलांची मोटार धुतो. चाकांच्या खाचांतील चिखलापासून काचेच्या कडेवरील धुळीपर्यंत त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. एके दिवशी शेजारी त्याला म्हणतात, “आमचीही धुशील का? फुकट नको, पैसे घे.” पाहता पाहता आणखी दोघेजण तेच विचारतात. मुलगा आनंदाने घरी येऊन ही वार्ता सांगतो. आई म्हणते, “एवढा शिकलास, तो काय शेजाऱ्यांच्या गाड्या पुसायला?” वडील म्हणतात, “काम वाईट नाही रे. पण नोकरीचं काय?” तिघांचेही म्हणणे आपापल्या परीने रास्त आहे. मग निर्णय कसा करावा?

प्रथम आईच्या मनातील संकोचाचा विचार करू. हा संकोच आपल्या बहुतेक घरांत आढळतो, म्हणून त्याला हसून चालणार नाही. परंतु ज्या कर्नाटकाच्या राजधानीत हे कुटुंब राहते, त्याच भूमीत बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांच्या सहकारी शरणांनी ‘कायक’ म्हणजे प्रामाणिक श्रम हीच उपासना, असे शिकविले. मडिवाळ माचिदेव हे त्या शरणांपैकी एक. लोकांचे कपडे धुणे हा त्यांचा व्यवसाय होता. आपल्याकडेही गोरोबांनी मडकी घडविली, सावतोबांनी मळा पिकविला. पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने कित्येक गरीब मुलांना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. तेव्हा मोटार धुणे हे पदवीधराला न शोभणारे काम आहे, हा आक्षेप आपण बाजूला ठेवू. खरा प्रश्न वेगळाच आहे : या कामाने मुलाचे भले होईल काय?

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हौसेचे काम मनात येईल त्या दिवशी करता येते. मोबदल्याचे काम मनात नसेल त्या दिवशीही करावे लागते. आज शेजारी त्याचे कौतुक करतात, कारण तो कोणाचे काही लागत नाही. उद्या पैसे घेतल्यावर तेच शेजारी दरवाज्यावरचा डाग बोटाने दाखवतील, आणि तसे दाखविण्याचा त्यांना अधिकार असेल. पावसाळ्यात सकाळी पुसलेली गाडी दुपारी चिखलाने भरली, तर पुन्हा पुसायची की नाही, हा वादही उद्भवेल. हे सारे सहन करण्याची तयारी आहे का, हे मुलाने स्वतःच्या मनाला विचारावे. आईवडिलांनी त्याचे उत्तर ऐकून घ्यावे. आपले उत्तर त्याच्या तोंडी घालू नये.

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल घेतले आहेत. आपल्या इमारतीतील दर विचारून प्रत्येकाने ते बदलून घ्यावेत. समजा, मुलाने रोज १२ मोटारी पुसण्याचे ठरविले आणि प्रत्येकीचे महिना ५०० रुपये घेतले. एकूण प्राप्ती ६,००० रुपये. फडकी, शाम्पू, बादल्या यांसाठी ९०० रुपये वजा जाता ५,१०० रुपये उरतात. एका मोटारीस २० मिनिटे धरली, तर रोजचे चार तास, आणि महिन्याच्या २६ दिवसांचे १०४ तास होतात. म्हणजे तासाला सुमारे ४९ रुपये पडले.

दुसरा मार्ग पाहा. रोजची पुसापुशी न करता केवळ शनिवार-रविवारी आतून-बाहेरून संपूर्ण स्वच्छता करावयाची. आसने, पायांखालचे गालिचे, डिकी, काचा, चाके, सारे काही. एका मोटारीस अडीच तास आणि ८०० रुपये धरू. महिन्यात अशा ८ मोटारी झाल्या, तर ६,४०० रुपये येतील. साहित्याचे ८०० रुपये वजा करा. व्हॅक्यूम क्लीनर ८,००० रुपयांचा घेतला आणि त्याची किंमत १६ महिन्यांवर वाटली, तर महिना ५०० रुपये आणखी वजा होतील. उरले तेच ५,१०० रुपये. परंतु तास लागले अवघे २०. तासाला २५५ रुपये झाले, आणि आठवड्याचे पाच दिवस मुलाखती व अभ्यास यांसाठी मोकळे राहिले. अर्थात या मार्गात एक उणीव आहे. रोजच्या कामाचे पैसे महिनाअखेर हमखास येतात. असे मोठे काम मात्र कधी मिळते, कधी मिळत नाही. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर या दोन हिशेबांच्या तुलनेत दडलेले आहे. किती पैसे मिळतील यापेक्षा ते कोणते तास खर्चून मिळतील, हे त्यांनी मुलाला विचारावयास हवे.

पैशाच्या हिशेबाइतकाच बेंगळुरूत पाण्याचा हिशेब महत्त्वाचा. या शहराला पुरविले जाणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, जवळजवळ ५०० मीटर उंचीवर चढवून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात अनेक कूपनलिका आटल्या आणि टँकरसाठी धावाधाव झाली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई केली आणि नियम मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरविला. त्याच महिन्यात २२ कुटुंबांकडून असा दंड वसूल झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंडळाने हाच आदेश पुन्हा काढला. त्यात नियमभंग चालू ठेवल्यास दररोज ५०० रुपयांचा अधिक दंडही होता. म्हणजे नळाला रबरी नळी लावून गाडी धुणारा मुलगा एका सकाळीच महिन्याची कमाई गमावून बसेल. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी मंडळाचा चालू नियम विचारून घ्यावा आणि इमारतीच्या सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रातून मिळणारे पाणी वापरण्याची रहिवासी संघाकडून परवानगी मिळवावी.

नळीने किती पाणी वाया जाते, हे घरीच मोजता येते. बादली नळीखाली धरून ती किती वेळात भरते, ते घड्याळात पाहा. नळीतून मिनिटाला १२ लिटर पाणी येत असेल, तर दहा मिनिटांत १२० लिटर जाईल. तेच काम १५ लिटरच्या दोन बादल्यांत, म्हणजे ३० लिटरमध्ये उत्तम होते. एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्यासाठी साधे पाणी. त्यामुळे फडक्यावरची वाळू पुन्हा गाडीवर येत नाही.

साबणाचाही विचार हवा. एचएसआर लेआउटला लागून आगरा तलाव आहे. त्याचे पाणी पुढे बेळ्ळंदूर तलावात उतरते. याच बेळ्ळंदूर तलावावर २०१५ नंतर काही वर्षे पांढऱ्या फेसाचे डोंगर उठलेले आणि एकदा नव्हे, अनेकदा आगी लागलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. त्याचे मुख्य कारण शहरातून येणारे प्रक्रिया न केलेले सांडपाणी आणि त्यातील साबणजन्य द्रव्ये. एका मुलाच्या एका बादलीने तलाव बिघडत नाही, हे खरे. परंतु ज्याने हे काम व्यवसाय म्हणून पत्करले, त्याने बादलीतील मळके पाणी पावसाळी गटारात न ओतता सांडपाण्याच्या नाळीतच ओतावे.

आता कसबाविषयी थोडे. हे काम कोणालाही येते, असा समज आहे. तो चुकीचा आहे. कोरडे फडके धुळीवर घासले, की धुळीतील वाळूचे कण रंगावर बारीक ओरखडे उमटवितात. ते ओरखडे लगेच दिसत नाहीत, उन्हात दिसतात. म्हणून आधी धूळ ओली करून सैल करावी, मग मायक्रोफायबरच्या मऊ फडक्याने वरून खाली पुसत यावे. छप्पर प्रथम, चाके शेवटी. आणि चाकांचे फडके निराळे ठेवावे. भांडी घासण्याचा साबण वापरू नये, त्याने रंगावरील मेणाचा थर निघून जातो. भर उन्हात धुऊ नये. कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षार वाळून पांढरे ठिपके पडतात. हातांत रबरी मोजे असावेत, कारण तासन्‌तास ओल्या राहणाऱ्या हातांची कातडी फुटते. कंबरेला त्रास होऊ नये म्हणून चाके पुसताना लहान स्टूल घ्यावे.

आणि आता सर्वांत नाजूक प्रश्न. त्या तळघरातील अण्णांचे काय? आपल्या पदवीधर मुलाने रोज पुसण्याच्या बारा मोटारी घेतल्या, तर त्या अण्णांच्याच हातून जाणार. मुलासाठी ती नोकरी मिळेपर्यंतची सोय असेल. अण्णांच्या घरी त्यावर चूल पेटत असेल. सहा महिन्यांनी मुलाला नोकरी लागेल, तो निघून जाईल. तोवर अण्णांनी दुसरी इमारत गाठलेली असेल किंवा कामावाचून दिवस काढलेले असतील. म्हणून आमचे असे मत आहे की, मुलाने रोजच्या पुसण्याला हात लावू नये. आठवड्याची संपूर्ण स्वच्छता हे निराळे काम आहे, ते त्याने घ्यावे. त्याआधी अण्णांना भेटावे, आपला बेत सांगावा आणि मोठ्या कामात ते सोबत येण्यास तयार असतील, तर मिळकतीतील उचित वाटा द्यावा. त्यांच्या हाताला वर्षांचा सराव आहे. शिकण्यासारखे मुलाकडून त्यांना थोडे आणि त्यांच्याकडून मुलाला पुष्कळ मिळेल.

व्यवहार लेखी असावा. कोणत्या वारी काम, किती पैसे, ओरखडा पडल्यास भरपाई कशी, गाडीची किल्ली कोणाकडे, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. काम सुरू करण्यापूर्वी गाडीवर आधीच असलेले डाग व ओरखडे मालकाला दाखवावेत. कर्जाची घाई नको. प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते, हे खरे. परंतु दोन बादल्या आणि चार फडकी यांना कर्ज लागत नाही. व्हॅक्यूम क्लीनरही आरंभी घरातलाच वापरावा. मात्र प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अवश्य नाव घालावे. वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांचे अपघाती विमासंरक्षण मिळते. ई-श्रम नोंदणीची माहिती अण्णांनाही द्यावी. असंघटित कामगारांसाठी २०२१ साली सुरू झालेली ही नोंदणी त्यांच्या अधिक उपयोगाची आहे.

शेवटी, मुदत ठरवावी. तीन महिने हे काम करून पाहावे. रोजचे तास, मिळालेले पैसे, वापरलेले पाणी आणि नोकरीसाठी केलेले अर्ज, असे चार रकाने एका वहीत आखावेत. तीन महिन्यांनी एका रविवारी तिघांनी मिळून ती वही उघडावी. अर्जांचा रकाना रिकामा राहिला असेल, तर वडिलांची शंका खरी ठरली. तो भरलेला असेल आणि पैशाचा रकानाही वाढता असेल, तर मुलाला नोकरी लागो वा न लागो, एक कसब त्याच्या हाती आले. आणि ज्या आईला शेजाऱ्यांची लाज वाटत होती, तिने त्या रविवारी वहीबरोबर चहाचे चार कप मांडावेत; चौथा अण्णांसाठी.